गुंडावरचं नाव

बपेरा,
१४ नोव्हेंबर २०२४

माह्या लाडाच्या तृप्तीले आजीचा पोटभर आशीर्वाद.

इकडं सगळे बरे हाय. धान कापून झालं, दाणे काढाचा चुरणा बाकी हाय. बकरीले दोन पिल्लं झाली, एकाच्या कपाळावर टिक्का हाय, तुले आवडलं असतं.

तुही कादंबरी शेजारच्या गुड्डीनं मले आठ दिवसांत वाचून दाखवली. बाप्पा! मी चौथी शिकलेली बाई, मले कोण पुस्तकात घालते? तुवा माहा पाट, माहं सूप, पाण्याचा पितळेचा गुंड, सगळंच घातलं. जनाबाईले बोलावून ऐकवलं तं ते म्हणते, "कौशल्ये, आता तुह्या घरी चहा प्यायचं भेव लागते. कपबशी बी पुस्तकात जाईन." हासून हासून पोट दुखलं.

गुड्डीच्या कॉलेजातले सर म्हणाले म्हणे, तो नुसता गुंड नाही, म्हातारीचं दुःख होय. मेलेल्या लेकीचं नाव तिले पाहवत नाही, म्हणून ते नाव भिंतीकडं करून ठेवते. तुवाच तसं लिहिलं. गुड्डी तिथपर्यंत आली तं मी उठून बकरीले पाला टाकायले गेली.

आता तुहा निरोप आला, नागपूरच्या कार्यक्रमात मांडायले गुंड पाठव. आपल्या गावचा टेकचंद मंगळवारी तिकडं येते, त्याच्या हातानं देतो. पण पोरी, सर चुकले. तू बी चुकली.

तुह्या मायच्या लग्नाच्या पाच दिवस आधी भंडाऱ्याहून भांडे आले. सगळ्यांवर नाव कोरलेलं, चंद्रकांताचं अन् तुह्या बाबाचं. त्याच संध्याकाळी चंद्रकांता माह्याजवळ बसली. "माय, मले नाही करायचं लग्न. मले साकोलीले शिकायले जायचं हाय."

मी म्हटलं, "भांड्यांवर नाव कोरले आता. आता कसं मोडायचं?"

ते गुंडावरच्या नावावरून बोट फिरवत बसली.

सहा वर्षांत काविळीनं गेली. सासरहून चार वर्षांची तू आली, अन् तुह्यासंगं तो गुंड.

दुःख तं हायच. पण नाव भिंतीकडं केलं ते लाजेनं. अन् तिले शिकू देलं असतं तं तू नसती, म्हणून मले नीट पस्तावता बी येत नाही.

गुंड चिंचेनं घासला. नाव लख्ख दिसते. लोकांकडं करून ठेवजो.

मंग फोन करावा वाटला तं करजो. मी घरीच हाय.

तुह्या मायची माय,
कौशल्या