दोन्ही घरचं रक्त

सिद्धगडाखालची वाडी, ता. मुरबाड
९ नोव्हेंबर २०२४

चि. रंजितास,
मामाचे आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. तुझी आणि तुझ्या आईची, सकुबायची, खुशाली ऐकायला कान आसुसलेत.

पत्र पाहून हसशील. पण वाडीवर रेंज नाय, आणि टोकावड्याच्या रस्त्यावर उभं राहून फोनवर आकडे ओरडण्यापेक्षा हे बरं. वाडीवर आरोग्याचं काम बघणाऱ्या आपल्या आशाताई शकूची लेक शहापूरला दिलेली आहे. शकू तिच्याकडे येत-जात असते, तिच्याच हाती हे देतोय. शिवाय अख्ख्या वाडीचे अर्ज लिहिणाऱ्या मामाने स्वतःच्या भाचीला दोन ओळी लिहू नयेत, हे काय बरं दिसत नाय.

भात कापून झालं, झोडणी चालू आहे. काळजी आहे ती पोरीची, भिमीची. आश्रमशाळेतून तिला घरी पाठवली. हातपाय दुखतात म्हणून रडते, धाप लागते, पाण्याचा हंडासुद्धा तिच्याने उचलवत नाय. गुरुजी म्हणाले की आठवीचा अभ्यास टाळायला हे चाललंय, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. परवा मी तिला खळ्यावर बोललो, तर गुपचूप पेंढ्या उचलायला लागली आणि तिथेच बसली.

शाळेत मागे रक्त तपासलं होतं, तो कागद जोडला आहे. त्यावर एचबी ७.१ लिहिलंय, खाली डब्ल्यूबीसी, प्लेटलेट असं बरंच काय काय. लोहाच्या गोळ्या दिल्या, तीन महिने खाल्ल्या, परत तपासलं तरी आकडा तोच. तू लॅबमध्ये दिवसभर हेच बघतेस. मला नीट समजेल असं लिही.

आठवण ठेवतेस तशीच ठेव.
तुझा मामा,
पंढरी

—

शहापूर
१४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मामांस,
रंजिताचा वाकून नमस्कार. आईची कंबर सोडली तर आम्ही दोघी मजेत.

पत्र आईने दोनदा वाचायला लावलं. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, माझं मात्र नळ्यांवर नंबर टाकून टाकून बिघडलं.

मामा, रक्त लाल दिसतं ते त्यातल्या तांबड्या पेशींमुळे. थापलेली भाकरी मध्ये बोटाने दाबावी, तशा त्या दिसतात. श्वासातली हवा अंगभर पोचवायचं काम त्यांचं, आणि ती हवा धरून ठेवणारा जो पदार्थ त्यांच्यात असतो तो एचबी. भिमीच्या वयाला तो बाराच्या आसपास हवा, तिचा सात आहे. म्हणजे घाटातून निम्म्या बैलांनी पूर्ण गाडी ओढायची. ती आळस करत नाही मामा, तिला खरंच जमत नाही.

डब्ल्यूबीसी म्हणजे पांढऱ्या पेशी. अंगात काही बिघडलं की त्या वाढतात, तिच्या वाढलेल्या आहेत. प्लेटलेट जखमेचं रक्त थांबवतात, त्या ठीक आहेत.

मला खटकतं ते वेगळंच. लोह कमी असतं, तर तीन महिन्यांत आकडा हलला असता. तो जागचा हलला नाही. तिचे डोळे पिवळट दिसतात का? दिसत असतील तर तिला लगेच माझ्याकडे पाठवा. झोडणी दोन दिवस थांबली तरी चालेल.

मामीला नमस्कार. रागावू नका, आणि भिमीलाही रागावू नका.
तुमची भाची,
रंजिता

—

शहापूर
२८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मामांस,
रंजिताचा नमस्कार.

तुम्ही स्वतः याल असं वाटलं होतं. मामी एकटीच भिमीला घेऊन आली. मुरबाडला बस बदलताना तिला उचलूनच चढवली, असं म्हणाली. दोघी आमच्याकडे राहिल्या. भिमीने आईच्या हातची तांदळाची भाकरी पोटभर खाल्ली.

आता नीट वाचा. मी तिच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरला, रंग दिला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. गोल पेशींच्या मध्येमध्ये विळ्याच्या पात्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसल्या. मग औषधात रक्त घालून पाहतात ती चाचणी केली. नळीच्या मागे रेघा मारलेला कागद धरतात. चांगल्या रक्तातून रेघा दिसतात, भिमीच्या नळीतून दिसल्या नाहीत. पक्की तपासणी ठाण्याला पाठवली होती, ती काल आली. भिमीला सिकलसेल आहे.

या वाकड्या पेशी बारीक नसांमध्ये अडकतात, म्हणून तिची हाडं दुखतात. चांगली पेशी चार महिने टिकते, ही दोन-तीन आठवड्यांत फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या बंद करून दुसऱ्या लावल्या आहेत. भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. असं सांभाळलं तर ती शाळा शिकेल, मोठी होईल.

हा आजार लागण होऊन होत नाही. प्रत्येक मुलाला एक वाटा आईकडून येतो, एक बापाकडून. एकच वाटा वाकडा आला तर माणसाला बहुतेक काही होत नाही, त्याला कळतही नाही. दोन्ही आले तर आजार. मामीचं रक्त मी इथेच घेतलं, तिच्यात एक वाटा आहे. दुसरा तुमच्याकडून असणार. तुम्हीही तपासून घ्या.

निघताना मामी भिमीच्या थोरल्या भावाबद्दल, विठूबद्दल बोलली. सहा वर्षांचा असताना गेला एवढंच मला माहीत होतं. त्याचेही हातपाय दुखायचे, हे तिने आता सांगितलं. मामा, त्यालाही हेच असावं असं मला वाटतं.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.
रंजिता

—

वाडी
६ डिसेंबर २०२४

चि. रंजितास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. भिमी बरी आहे, औषध घेते. तू केलंस त्याचे उपकार आहेत.

बाकी जे लिहिलंस ते मला पटलं नाय. मालूच्या रक्तात निघालं, ते कागदावर दिसतंय. तिच्या माहेरी माणसं कायम पिवळी नि किडकिडीत. आमच्या घरात असलं काय नाय. माझ्या बापाने सत्तराव्या वर्षापर्यंत नांगर धरला, आणि मी अजून दोन गोणी पाठीवर घेऊन गड चढतो. मी रक्त देणार नाय.

आणि विठूचं तू काढायला नको होतंस. म्हसा गावच्या जत्रेला त्याला तिनेच नेला. पौषाची थंडी, मी नको म्हणालेलो, तरी नेला. आल्यावर ताप चढला, तिसऱ्या दिवशी छाती भरली आणि पोरगा गेला. मी तेव्हाच पंचांसमोर, तिच्या दोन्ही भावांसमोर सांगितलं होतं की माझा मुलगा हिने घालवला. अकरा वर्षांत त्यातला एक शब्द मी मागे घेतलेला नाय. आता एका नळीच्या जोरावर तू तो मागे घ्यायला लावू बघतेस.

तू शिकलीस याचा मला अभिमान आहे. पण लहान आहेस.
पंढरी

—

शहापूर
१९ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मामांस,
रंजिताचा नमस्कार.

तुमचं पत्र मी चार दिवस बाजूला ठेवलं. मग एक विचार आला, आणि तो आधीच का आला नाही याची लाज वाटली.

मी लॅबमध्ये गेले आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या दिपिकाला म्हटलं, माझं रक्त घे. रोज शंभर जणांचं रक्त तपासते, माझं मी कधी तपासलं नव्हतं. नळीमागे कागद धरला. मामा, मला रेघा दिसल्या नाहीत. ठाण्याहून कागद आला, माझ्यात एक वाटा आहे.

तो बाबांकडूनही आला असेल, असं तुम्ही म्हणाल. म्हणून आईचं रक्त घेतलं. तिच्यातही तोच आहे. आई तुमची सख्खी बहीण. तुम्ही दोघं एकाच आईबापाची मुलं.

मी आईला कागद वाचून दाखवला. मग ती म्हणाली, की आमची चिमी. तुमच्या पाठची बहीण, सातव्या वर्षी गेली ती. तिचे हात सुजायचे आणि आजी नजर उतरवायची, हे तिला आठवलं. तुम्हालाही आठवत असेल.

थंडीने त्रास उसळतो, हे खरं आहे, ते मी लपवत नाही. पण विठूच्या अंगात आजार जन्मापासून होता. जत्रेला गेला नसता, तरी तो त्याला कुठेतरी गाठू शकला असता. मामीला माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. कोणालाच नव्हतं.

तुम्ही माझ्यासाठी अमोलचं स्थळ आणलंत. त्यांना मी सगळं कळवलं आहे. अजून उत्तर नाही. ते नको म्हणाले तर मला वाईट वाटेल, पण न सांगता लग्न करणार नाही.

दोन्ही कागदांची नक्कल शकूताईंकडे दिली आहे. रागावलात तरी पत्र टाका.
रंजिता

—

वाडी
५ जानेवारी २०२५

चि. रंजितास आशीर्वाद.

गुरुवारी शकूसोबत खाली जाऊन रक्त दिलं. तो कागद आज आला. तू म्हणालीस तसंच आहे.

चिमी मला आठवते. तिला पाठीवर घेऊन मी ओढा ओलांडायचो. ती रडायची आणि मी म्हणायचो की नाटक करतेस. भिमीलाही मी तेच म्हणालो.

मालूला काय सांगू ते सुचत नाय. अख्ख्या वाडीचे अर्ज लिहिले, हा लिहायला बसलो की हात चालत नाय.

सकुबायला जप.
मामा

—

वाडी
२ फेब्रुवारी २०२५

रंजे, माझे बाय,
मामीचे लय लय आशीर्वाद. मी चौथी शिकलेली, चुका काढू नको. हे पत्र मीच लिवते, मामाला दाखवलं नाय.

भिमी शाळंत परत गेली. शकूनं तिच्या गुरुजींना कागद दाखवला. आता तिला वर्गात पाण्याची बाटली ठेवू देतात नि दुखलं की निजू देतात. गुरुजी तिला बोलले की माझं चुकलं.

तुझ्या मामानं मला आधी घरातच सांगितलं, चुलीपाशी. माझ्याकडचा पण वाटा हाय, तुझ्यावर खोटं घातलं, असं बोलला. तुला वाटंल मी रडली असंन. मला रडू नाय आलं गो, राग आला. अकरा वर्सं मी देवळाच्या दारात उभी राहिली तरी बाया बाजूला सरकायच्या. माझ्या आयशीनं मरताना मला इचारलेलं की खरंच तू पोराला जपलं नाय का. ती तसंच मनात घेऊन गेली. मी दोन दिस त्याच्याशी बोलली नाय.

मग बोलली. तुमी पंचांसमोर बोललेले, माझ्या भावांसमोर बोललेले. तर आता पण तिथंच बोला. चुलीपाशी नको.

मला वाटलं नाय बोलायचा. पण त्यानं माझ्या भावांना, मंगळू नि जगनला, निरोप धाडला. गेल्या रविवारी देवळापुढं सगळी वाडी बसली. तो उभा राहिला, हातात आमच्या दोघांचे कागद. माझ्या रक्तात पण हाय, माझ्या बापाच्या घरातनं आलेलं हाय, मालूनं काय केलं नव्हतं, असं त्यानं सांगितलं. मग बोलला, आमचा विठू आजारानं गेला. अकरा वर्सांत त्याच्या तोंडातनं मी ते नाव ऐकलं नव्हतं. मंगळू खाली मान घालून बसलेला, त्यानं डोळे पुसले.

मग हिराबाई उठली नि शकूला इचारलं की माझ्या नातवाचे हात सुजतात, त्याचं रक्त कवा घेशील. तिच्या मागनं आणखी सात-आठ जणी उठल्या. शकूनं नावं लिवून घेतली. तुला सुट्टी भेटली तर तू पण ये. पोरं सुईला घाबरतात, तू गोड बोलतेस.

अमोल टोकावड्याला तुझ्या मामाला भेटला. त्यानं आपलं रक्त तपासलं, त्याच्यात काय नाय निघालं. निघालं असतं तरी इचार करून लगीन केलं असतं, असं बोलला. तो तुला लिवंलच, पण मला आधी सांगायची हौस.

देवळापासनं घरी येताना मी पुढं होती, तो मागनं येत होता. वाटेत बाया उभ्या होत्या, त्यांनी मला हाक मारली. मी थांबली, बोलली त्यांच्याशी. तो पण थांबला, माझं बोलणं संपंपर्यंत.

माझ्यावर जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी मालूमामी