फेस वजा जाता

आदरणीय मोठे साडूसाहेब यांस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घ्यावा). इतकी वर्षं माझा नमस्कार ही फोनवरून ताईंना सांगायची आणि ताई तो तुम्हाला पोचवायच्या. तुमचा त्याच वाटेने उलटा यायचा. दोघी बहिणी तासभर बोलायच्या आणि आपण आपापल्या घरातून "माझाही सांग गं" एवढंच ओरडायचो. ही गेल्यापासून ती वाट बंद पडली, म्हणून स्वतःच लिहायला बसलो. तुमची साखर, रक्तदाब आणि खालच्या भाडेकरूशी चाललेलं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे.

इकडचं वर्तमान असं, की मी पबात जाऊ लागलो आहे. (दचकू नका. ताईंना हे वाक्य जरा बेताने वाचून दाखवा.) कोपऱ्यावर नवा पब निघालाय. मालक दाढीवाला आहे आणि मागच्या खोलीत स्टीलच्या टाक्यांत स्वतः बिअर बनवतो. संध्याकाळी घरात बसवत नाही, म्हणून एकदा सहज आत शिरलो, तर एका ग्लासाची किंमत ऐकून उभ्याउभ्याच घाम फुटला. तेवढ्यात माझी आठवड्याची भाजी येते. बरं, त्या ग्लासात वरची चार बोटं नुसता फेस! आयुष्य वजनमापे खात्यात गेलेल्या माणसाने हे कसं सहन करावं? मी तिथल्या तिथे हरकत घेतली. मालक हात पुसत बाहेर आला आणि मला समजावू लागला: टाक्या लहान, धान्य चांगल्यातलं, एखादा घाणा बिघडला की सगळा मोरीत ओतायचा, शिवाय जागेचं भाडं. मी म्हटलं, ते सगळं कबूल, पण हवेचे पैसे कसले घेता? तो म्हणाला, "काका, फेस नसेल तर बिअर मेली म्हणायची."

झालं. दुसऱ्या दिवशी मी उत्तर तयार करून गेलो. तिसऱ्या दिवशी तो तयार होता. असं करता करता मला त्या भांडणाची गोडीच लागली. (ही असताना भाव पाडायचं काम माझं आणि "द्या हो, बिचारा दमलाय" म्हणायचं काम तिचं. दोघं मिळून बाजार छान व्हायचा.) दुपारपासून मी मनात मुद्दे जुळवायचो, इस्त्रीचा शर्ट घालायचो, दाढी करायचो. आत शिरलो की मालक टाक्यांमागून ओरडायचा, "आले विरोधी पक्ष!" दिवसभरात मला उद्देशून बोललं गेलेलं हे बहुधा पहिलंच वाक्य असायचं.

आता माझा गाढवपणा ऐका. वाद निकाली काढावा म्हणून मी माझं जुनं काचेचं मोजपात्र भाजीच्या पिशवीतून घेऊन गेलो. सगळ्यांसमोर ग्लास त्यात उपडा केला, तर फेस असा काही उसळला की शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांची पँट भिजली. ते चिडायचं सोडून बघायलाच आले. मग अख्खा पब माझ्याभोवती उभा राहून फेस बसायची वाट पाहू लागला. दोघांनी पैजसुद्धा लावली. साडूसाहेब, निवृत्तीनंतर इतका मान मला कुणी दिला नव्हता! फेस बसला आणि माप चांगलं अष्टमांश कमी भरलं. मालकाने वाद घातला नाही. चूक मान्य केली, हात मिळवला आणि आठवड्याभरात सगळे नवे ग्लास आणले. त्यावर रेघ आहे. बिअर रेघेपर्यंत, फेस रेघेच्या वर, किंमत तीच.

मी जिंकलो, आणि त्या दिवसापासून माझ्याशी कुणी भांडत नाही. ग्लास रेघेपर्यंत भरून समोर येतो आणि मालक हसून आत जातो. मी खारे दाणे जास्त खारट असल्याची तक्रार करून पाहिली, स्टुलाच्या उंचीवर बोट ठेवून पाहिलं. तो म्हणतो, "काका म्हणतील तसं." आता यावर माणसाने काय बोलावं! ग्लास संपवतो आणि घरी येतो. कुलूप उघडतो, दिवा लावतो. मला फार एकटं वाटतं. हे फोनवर सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून पत्रात घालतो आहे.

बाकी सर्व क्षेम. ताईंना नमस्कार (आता तो तुमच्यामार्फत).

आपला,
धाकटा साडू

ता. क. तुम्ही चार दिवस इकडे या. दुकानदाराने सांगितलेली किंमत तुम्हाला आजन्म वेदवाक्य वाटत आलेली आहे. तेव्हा पबात माझ्यासमोर बसून "किंमत अगदी रास्त आहे" असं मोठ्याने म्हणायचं, एवढंच काम. पुढचं मी बघतो.

ता. क. दुसरा. मला ती बिअर मुळीच आवडत नाही. कडू लागते. हे मालकाच्या कानावर जाऊ देऊ नका.

ता. क. तिसरा. ही गेल्यावर आपण दोघे एकमेकांचे कोण लागतो, हे मला कुणी सांगितलेलं नाही. सही करताना हात अडखळला, तरी जुनंच लिहिलं आहे. चुकलं असेल तर येऊन सांगा. पत्राने कळवू नका.