नव्वद मीटरवरचा माणूस

२७ ऑगस्ट

कॉलिन आला होता दुकानात. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "रोंडा, रायफलवर बसवायला दुर्बीण दे. फार महाग नको. पण बापाला विकलीस तसलीही नको हं!" हसला. मग जीभ चावली त्याने. मी त्याला जपानी दाखवली, नऊशे डॉलरची. तो गेल्यावर मागे जाऊन बादली लाथाडली.

अख्ख्या रीफ्टन गावाला तेच वाटतं. वॉरिकला गोळी बाबांची लागली, पण दुर्बीण? ती मी विकलेली. बाबांचा पोलिसांतला जबाब मला पाठ आहे — "उजेड जात आला होता. काच धुरकट. झुडपात हरीण वाटलं." धुरकट! माझ्या नवऱ्याला हरीण समजला म्हातारा, आणि दोष कुणाचा? तीनशे डॉलरच्या काचेचा. म्हणजे माझा.

ब्रायर तेव्हा खाली गाडीपाशी होती. पोरीने बाप पडताना पाहिला नाही, एवढंच बरं.

३० ऑगस्ट

बाबा फाटकाशी. पडदा ओढून घेतला. फाटकावर कोबी ठेवून गेले. कोंबड्यांना घातला.

१ सप्टेंबर

नेव्हिलकडे चार दुर्बिणी मागितल्या, दोन-चार दिवसांसाठी. दुकानाचा मालक असून घाबरतो मला हल्ली.

"चार? कशाला गं?"

"अठरा तारखेला बाबांची केस आहे. काच धुरकट नव्हती हे दाखवायचंय."

"त्यानं वॉरिक परत येणार आहे का?"

"नाही. पण खोटं तरी गिळावं लागणार नाही."

त्याने मान हलवली आणि कपाटाची किल्ली पुढे सरकवली.

५ सप्टेंबर

आजचाच दिवस हवा होता. सूर्य मावळतो तो अगदी वॉरिक गेला त्या सहा एप्रिलसारखा. ढगही तसेच आले, आयतेच.

तीच जागा. बीच झाडांच्या रानाची कड, खाली ओढा. रायफल नाही — चारही दुर्बिणी तिकाटण्यावर, एकामागून एक. ब्रायरला वॉरिकचा कोट घातला आणि नव्वद मीटरवर झुडपात उभं केलं. आधी नाहीच म्हणत होती. "आई, नको ना. दुसऱ्या कुणाला उभं कर." एकोणीस वर्षांची घोडी, आणि कोट घालताना हात बाहीत जाईना तिचा! ओरडले मी तिच्यावर. "बापासाठी एवढंही करवत नाही?"

ऑस्ट्रियाची, बेचाळीसशेची — पानन् पान दिसतं. कोटाची बटणं मोजली. उजेड विझत गेला तरी हिच्यात दहा मिनिटं जास्त.

जर्मन, चोवीसशेची. कडांना किंचित निळी झाक. बाकी तोडीस तोड. अठराशे डॉलरचा फरक कशाचा, देव जाणे. नावाचा.

जपानी. थोडी पिवळट, पण चेहरा स्वच्छ.

आणि तीनशेची. बाबांच्या दुर्बिणीची जुळी बहीण. मुद्दाम शेवटी ठेवली, सगळ्यात कमी उजेडात. कडा मऊ पडतात. डोळा जरा हलला की काळं वर्तुळ. पण मधोमध? माणूस! खांदे, हात, केस. ब्रायर रडत होती — तेसुद्धा दिसलं मला. काचेतली नेमाची फुली बरोबर तिच्या छातीवर.

नव्वद मीटर, सगळ्यात स्वस्त काच, सगळ्यात वाईट उजेड — आणि गालावरचं पाणी दिसतं. मग बाबांना कसं दिसलं नाही?

गाडीत बसताच ब्रायरने कोट काढून मागच्या सीटवर टाकला.

६ सप्टेंबर

आठ पानं लिहिली. कुठली काच, किती वाजता, काय दिसलं. पोलीस ठाण्यात दिली. सार्जंट बाई दोनदा म्हणाल्या, "रोंडा, याने तुमच्या वडिलांचा बचावच जातो. ते आत जातील."

"जाऊ देत."

खूप दिवसांनी भूक लागली. बेकरीतून मटणाचं पॅटिस घेतलं, उभ्यानेच खाल्लं.

७ सप्टेंबर

नेव्हिलकडून कळलं — बाबांनी वकीलच सोडला. गुन्हा कबूल करणार म्हणे. माझी पानं वाचली असतील. बरं झालं! ब्रायरला सांगितलं. ताट तसंच ठेवून उठली.

८ सप्टेंबर

ब्रायर जेवत नाही.

९ सप्टेंबर

पहाटे माझ्या पलंगाशी येऊन बसली. म्हणाली, "आई, मी गाडीपाशी नव्हते. रायफल माझ्या हातात होती. काहीतरी हललं आणि मी नीट पाहिलंच नाही. आजोबांनी रायफल काढून घेतली. म्हणाले, आईचा नवरा गेला, आता मुलगी जायला नको."

ठाण्यासमोर गाडीत बसलेय. आठ पानं परत मागायची, की —

ब्रायरने तिच्या बाजूचं दार उघडलं.