नमुन्याचा स्वाध्याय

प्रिय ठकी,

फोनवर बोलायला लागले तर माझा आवाज चढेल, तुझा रडवेला होईल, आणि मग नेहमीसारखी मीच तुझी समजूत काढत बसेन. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, एवढा तरी फायदा. तुला ठकी म्हणायला लागले ते तू लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गोल डोळे करून बघायचीस म्हणून. ठकवण्याशी त्या नावाचा काही संबंध नव्हता, निदान तेव्हा तरी.

गेल्या महिन्यात मी तुला एक साधा प्रश्न विचारला होता. घरी बसून करता येते ती आहारशास्त्राची पदवी मी करू का? तीन वर्षं, महिन्यातून दोन रविवार अभ्यासकेंद्रात वर्ग, बाकी पुस्तकं आणि स्वाध्याय पोस्टाने. तू पाच मिनिटंसुद्धा विचार केला नाहीस. म्हणालीस, "ताई, खरं सांगू? त्या पदवीला कुत्रं विचारत नाही. नुसता कागद. सत्तेचाळिसाव्या वर्षी कशाला हा उपद्व्याप? त्या फीत तुझ्या गुडघ्याचं काहीतरी बघ." वर हसलीस. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. कामावरच्या जेवणाच्या ट्रॉलीचं चाक अडकलं होतं, ते सोडवायला गेले. चाक सुटलं, पण तुझं ते हसणं काही सुटेना. तोच कागद चौकटीत बसून तुझ्या ऑफिसात तुझ्या खुर्चीमागे टांगलाय. येणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर जावी अशा उंचीवर. खिळा तुझ्या भाऊजींनीच ठोकून दिला होता, आठवतंय ना?

मी हे का विचारलं, हे तू विचारलं नाहीस. तर आता ऐक. आमच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात मला बावीस वर्षं झाली. दोनशे दहा ट्रे सकाळी, तेवढेच दुपारी, तेवढेच संध्याकाळी. कुठला बिनमिठाचा, कुठला बिनसाखरेचा, कुठला नुसता पातळ, हे मला चिठ्ठी न वाचता वासावरून कळतं. तीन महिन्यांपूर्वी नव्या आहारतज्ज्ञ मॅडम आल्या. पंचवीस वर्षांच्या, वागायला चांगल्या, पण अजून ओल्या मातीच्या. एका सकाळी अकरा नंबरच्या खाटेची त्यांची चिठ्ठी आली: संत्र्याचा रस, केळं, टोमॅटोचं सूप. अकरा नंबरला एक म्हातारे घड्याळजी होते. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, दिवसाआड डायलिसिस. अशा माणसाला हे तिन्ही म्हणजे विषच. रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय चालता चालता थांबतं. मॅडमनी अशक्त पेशंटच्या आहाराची यादी चुकून त्यांच्या नावापुढे उतरवली होती. मी त्यांना फोन केला, तो लागला नाही. वॉर्डात निरोप धाडला, उत्तर आलं नाही. ट्रॉली निघायची वेळ झाली. मी ट्रे काढून घेतला, पाव, सफरचंदाच्या फोडी आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग ठेवला आणि पाठवून दिला.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. घड्याळजींचं पोटॅशियम आधीच काठावर होतं. डॉक्टर म्हणे विचारत होते, सकाळी काय खाल्लं यांनी, नशीब थोर. नशीब! आणि चार वाजता माझ्या हातात मेमो: "पात्रता नसताना रुग्णाच्या आहारात परस्पर बदल केल्याबद्दल समज देण्यात येत आहे." मी मुख्य अधिकाऱ्यांकडे गेले. ते वाईट गृहस्थ नाहीत. खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. म्हणाले, "बाई, तुमचं बरोबरच होतं हो. पण तुम्ही कोण?"

तुम्ही कोण. मी ग्लास तसाच ठेवून उठले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हातातली पळी कुणाच्या तरी डोक्यात घालावी.

पगार वाढेल म्हणून मी त्या पदवीच्या मागे लागले नव्हते. हिशेब मलाही येतो. निवृत्तीला अकरा वर्षं, त्यातली तीन शिकण्यात जाणार, वरची जागा सुटेल का नाही ते देव जाणे. पैशाला पैसा लावून बघितलं तर हा धंदा बुडीतच आहे. भाऊजींना सांगितलं तर ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "तू पदवीधर झालीस की मला चहा कोण देणार?" मी म्हटलं, "आत्ता कोण देतं? तुम्हीच करून घेता." मग त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "गुडघा तुझा, पैसे तुझे, रविवार तुझे. मला विचारतेस कशाला? जिला त्यातलं कळतं, तिला विचार." म्हणून तुला विचारलं, ठकी. तुला त्यातलं कळतं म्हणून.

आता मागचं काढते. काढायचं नव्हतं, पण तू काढायला लावलंस. तुझं बाळ पाच महिन्यांचं होतं, नवऱ्याशी पटत नव्हतं, नोकरी नव्हती. याच पदवीच्या प्रवेशाचा फॉर्म तुझ्यासाठी मीच आणला होता. पहिलं वर्ष सुरू झालं आणि तू एक जाडजूड पाकीट घेऊन माझ्याकडे आलीस. बाळ तापलेलं, तुझे डोळे सुजलेले. म्हणालीस, "ताई, हा एकच स्वाध्याय लिहून दे. पुढचे मी करेन." मी लिहिला. पुढचा आणला, तोही लिहिला. तीन वर्षांत बत्तीस झाले. सकाळची पाळी संपली की भांडारात साखरेच्या पोत्यावर पाट ठेवून मी लिहीत बसायचे. तुझ्या पुस्तकांतली प्रकरणं आधी वाचायची, मग माझ्या स्वयंपाकघराशी ताडून बघायची. बटाट्यातलं पोटॅशियम कमी करायला तो चिरून कोमट पाण्यात किती वेळ ठेवायचा, हे पुस्तकात एका ओळीत होतं. मी चार पानं लिहिली, कारण मी रोज ते करत होते. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं आणि उत्तर मला येत होतं. तपासून आलेल्या वहीवर "उत्तम" असा शेरा दिसला की मी तो भांडारात एकटीच दोनदा वाचायचे.

परीक्षा मात्र तू स्वतः दिलीस, हे मी नाकारत नाही. मांडीवर मूल घेऊन पाठांतर केलंस. नोकरी लागल्यावर तू मेहनत केलीस, तीही खरी. या सतरा वर्षांत मी कुणापुढे चकार शब्द काढला नाही. आईला कळू दिलं नाही, भाऊजींनाही नाही. तुझ्या सत्काराला मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आणि त्या मनापासून वाजवल्या.

म्हणून तू "नुसता कागद" म्हणालीस तेव्हा आधी वाटलं, ताईची काळजी वाटत असेल. दहा दिवस मी तुझ्या बाजूने माझ्याशीच भांडले. मग ठरवलं, सल्ला राहू दे, आपण स्वतः जाऊन बघू. सुट्टी टाकली, दोन तासांचा बस प्रवास करून अभ्यासकेंद्रात गेले. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, गुडघ्याने प्रत्येक पायरीला शिव्या दिल्या. खिडकीपाशी एक भला कारकून होता. म्हातारी विद्यार्थिनी बघून हसला नाही, उलट स्टूल दिलं. मी म्हटलं, मला स्वाध्याय जमतील का, लिहायची सवय राहिली नाही. बघ मी किती भाबडी! तो म्हणाला, "घाबरू नका, आम्ही प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला एक नमुना देतो. असा लिहिला की झालं." आणि त्याने झेरॉक्सची दहा पानं माझ्या हातात ठेवली.

पहिल्या पानावर तुझं नाव. आत माझं अक्षर.

बटाट्याची ती चार पानंच होती, ठकी. तिसऱ्या पानावर साखरेच्या पाकाचा डाग पडला होता, तो झेरॉक्समध्ये काळा उमटलाय. मी त्या डागावर बोट ठेवलं. कारकून कौतुकाने सांगत होता, "या मॅडम इथल्याच जुन्या विद्यार्थिनी. आता मोठ्या हॉस्पिटलात प्रमुख आहेत. चार वर्षं झाली, रविवारी इथे शिकवायला येतात. हा स्वाध्याय त्यांनी स्वतः आणून दिला. मुलं अजून यावरून शिकतात." चार वर्षं! रविवारी तू कामात असतेस, फोन घेत नाहीस, ते काम हे होय! स्वतः आणून दिलास. कुणी मागितला नव्हता, तुझ्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती.

बस स्टॉपवर मी तासभर बसले, दोन बस सोडल्या. एका बाईने विचारलं, काही दुखतंय का. मी गुडघा म्हटलं.

मला राग कशाचा आला ते नीट समजून घे, नाहीतर तू माफी मागून मोकळी होशील. माझं लिखाण तू वापरलंस याचा नाही. ते मी दिलं होतं, डोळे उघडे ठेवून दिलं होतं. ते चूक होतं आणि त्या चुकीत माझा निम्मा वाटा आहे. राग याचा की ज्या पदवीला तू माझ्यासमोर नुसता कागद म्हणालीस, तिच्यासाठी मी लिहिलेलं तू चार वर्षं उत्तम म्हणून वाटत होतीस. त्याची किंमत काय आहे हे या जगात तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी तुला विचारलं, माझी लायकी आहे का? पुरावा तुझ्या कपाटात होता आणि तू मला गुडघा दाखवलास. तू माझ्या भल्यासाठी बोलली नाहीस. मी त्या खिडकीपाशी पोचेन, म्हणून घाबरून बोललीस. आमच्या अधिकाऱ्याने निदान खुर्ची पुढे करून विचारलं होतं, तुम्ही कोण. तू तर ओळखत असून विचारलंस.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. मी त्याच दिवशी बस स्टॉपवरून उठून परत वर गेले आणि प्रवेश घेतला. फी भरली. गुडघा तीन वर्षं थांबेल, त्याला सवय आहे. पहिला वर्ग पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे आणि तो तुझा आहे. अचानक मला बाकावर बघून तुझी वाचा बसू नये म्हणून आधी कळवतेय. रजा टाकू नकोस. मी कुणाला काही सांगणार नाही. सांगायचं असतं तर त्या कारकुनालाच सांगितलं असतं. पण तिथे येण्याआधी तो नमुना फाइलमधून काढ आणि तुझ्या हाताने लिहिलेला दुसरा ठेव. तुला येतं. सतरा वर्षं तू ते काम करतेयस, तुला नक्की येतं. वर्गात मी तुला मॅडम म्हणेन, तूही ताई म्हणू नकोस. आणि माझा पहिला स्वाध्याय हातात आला की लाल पेन घेऊन नीट वाच. दयेचा एक गुण जास्त नको आणि भीतीचा एक गुण कमी नको. जेवढे माझे आहेत तेवढे या वेळी माझ्या नावापुढे लिही.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई