बाळा बुडाला नव्हता

मी, श्रीमती तुळसा गजानन नागवेकर, वय बहात्तर, धंदा जाळी विणणे व दुरुस्त करणे, राहणार मिरकरवाडा, रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही की गोड बोलून फसवलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसे दाखवल्यास खोटे समजावे.

१. मिरकरवाड्यातील घर माझ्या नावावर आहे. माझे यजमान कै. गजानन ट्रॉलरवर तांडेल होते, पण हे घर मी जाळी विणून घेतले. त्यामुळे ते कोणाला द्यायचे हे मीच ठरवणार. वरचा मजला मुलगा संदेश याला द्यावा. खालच्या दोन खोल्या मुलगी सौ. दर्शना शिरधनकर हिला द्याव्यात. यातील पुढची खोली, आजारी मूल घेऊन अपंगत्वाच्या दाखल्यासाठी किंवा दवाखान्यासाठी रत्नागिरीत येणाऱ्या कुटुंबांना उतरायला मोकळी ठेवावी. तिथे पायरीऐवजी उतार केला आहे, तो कोणी फोडू नये.

२. ही अट कशासाठी, ते लिहून ठेवते. माझे माहेर बुरोंडी. माझा धाकटा भाऊ बाळा पाचव्या वर्षापासून पडू लागला. पोटऱ्या जाड, पण पायात जोर नाही. दहाव्या वर्षी चालणे बंद झाले आणि सतराव्या वर्षी तो गेला. लोक म्हणाले, देवीचा कोप. माझे लग्न ठरले तेव्हा वडिलांनी सासरच्यांना सांगितले, मुलगा होडीवरून पडून बुडाला. मीही तेच सांगत आले. तेहतीस-चौतीस वर्षे सांगितल्यावर ते मलाही खरेच वाटू लागले होते.

दर्शनाचा मोठा मुलगा ओमकार पाच वर्षांचा असताना पडू लागला. अलोऱ्याला तिच्या सासूबाई गंगुबाई चार माणसांत म्हणाल्या, "हे हिनेच आणलंन आमच्या घरात." मी तिथेच पदर खोचून भांडले, "आमच्या सात पिढ्यांत कोणी लंगडं नाही!" मग मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी स्नायू झिजत जाण्याचा आजार सांगितला. जन्मतःच असतो, बहुतकरून मुलग्यांनाच होतो, आणि पुष्कळदा आईच्या रक्तातून येतो. आईला स्वतःला सहसा काही जाणवत नाही. त्यांनी मला विचारले, "आजी, तुमच्या माहेरी असं कोणी होतं? भाऊ, मामा?"

"नाही," मी म्हटले. "माझा भाऊ बुडाला."

"तरीसुद्धा पुढच्या मुलाआधी दर्शनाची तपासणी करून घ्या."

येताना दर्शनाने विचारले, "आई, करायला हवी का गो तपासणी?" मी म्हटले, "कशाला? आपल्याकडे कोणाला नाही."

दोन वर्षांनी अजिंक्य झाला. तीन वर्षांचा असताना तो अलोऱ्याच्या अंगणात पडला आणि गुडघ्यांवर एकेक हात रोवत उठला. बाळा असाच उठायचा. मी तिथेच, सगळ्यांसमोर, खरे सांगितले.

दर्शना आत निघून गेली. गंगुबाईंनी पोराला उचलून कडेवर घेतले. मग म्हणाल्या, "विहीणबाई, मी बोलून तिला जाळलं, तुम्ही न बोलून. आता रडत बसू नका. ही दोन पोरं उचलायला माणसं लागणार हायत."

दर्शना सात महिने माझ्याशी बोलली नाही. तिचे काही चुकले नाही. सात महिन्यांनी फोन आला, "ओमकार मला आता उचलवत नाही. ये." मी गेले. ट्रॉलरच्या जाळ्याचा जाड दोरा घेऊन झोळी विणली, आतून जुने लुगडे शिवले, चार कोपऱ्यांना मुठी केल्या. दोन बायका मोठे पोर खाटेवरून खुर्चीत आरामात ठेवू शकतात. ती बघून खेडहून एका आईने मागितली, मग राजापुराहून.

त्याला आता तेरा वर्षे झाली. अशा मुलांची एकेचाळीस घरे झाली. मी औषध सांगत नाही. पोर कसे उचलायचे, दाखला कुठे मिळतो, शाळेच्या पायरीला फळी कशी लावायची, एवढेच. आणि मुलाची आई एकटी सापडली की विचारते, "माहेरी कोणी होतं का गो?" पहिल्यांदा सगळ्याच नाही म्हणतात. मग मी माझे सांगते. काहींना खरेच कोणी नसते. काही मात्र रडत रडत नाव घेतात. "सुनेनेच आणलं" म्हणणारी सासू भेटली तर मी वाद घालत नाही, तिला गंगुबाईंचा फोन जोडून देते.

ओमकार दोन वर्षांपूर्वी गेला. एकविसावे संपत आले होते.

३. संदेशची तक्रार लेखी राहू दे. तो म्हणतो, "आई, गावभर सांगत फिरतेस, माझ्या ऋतिकाचं लग्न कसं जमायचं?" बाबा, तुझ्यात हा दोष नाही, म्हणून तुझ्याकडून तो ऋतिकाला जाणार नाही. डॉक्टरांचे तसे पत्र सोबत जोडले आहे. ते वाचूनही जे स्थळ मागे फिरेल, ते गेलेलेच बरे.

४. माझी सोन्याची माळ दर्शनाच्या सानवीला द्यावी. ती वीस वर्षांची आहे. आजीचा दोष तिच्यात असेल किंवा नसेल. तपासणी करायची की नाही, कधी करायची आणि कोणाला सांगायची, हे तिचे तिने ठरवावे. तिला कोणी विचारून भंडावू नये. लग्न ठरल्यावर तर मुळीच नाही. मात्र सानवी, तू विचारलेस तर तुझ्याशी कोणी खोटे बोलणार नाही, एवढे मी सगळ्यांकडून कबूल करून घेतले आहे.

५. बँकेतील ठेव अजिंक्यसाठी. ती जपून ठेवू नये. त्याला हवा तो कॉम्प्युटर, हवी ती खुर्ची, आणि गणपतीपुळ्याला न्यायला गाडी, यात संपली तर संपू द्यावी. माझी कुटुंबांची वही आणि फोनही त्यालाच. दोन वर्षे फोन तोच उचलतो आणि माझ्यापेक्षा शांतपणे बोलतो.

६. जाळे विणायच्या सुया, शिलाई मशीन व उरलेला दोरा लांज्याच्या शमिका मयेकर हिला. तिचा मुलगाही याच आजाराचा, नऊ वर्षांचा आहे. झोळीची गाठ तिला नीट जमते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती संदेशला घाबरत नाही.

७. गंगुबाईंना मी काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. मी गंगुबाईंना विचारले, लुगडे हवे की सही करता? त्या म्हणाल्या, "लुगडी रगड हायत. कागद आणा."

८. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुढच्या खोलीत सगळी कुटुंबे जमतात. माझ्या मरणामुळे तो रविवार चुकवू नये. घरात सुतक असले तरी दार उघडे ठेवावे, आणि बारावे-तेरावे त्याच दिवशी आले तर विधी मागच्या पडवीत उरकावा. लोक राजापुराहून पोर उचलून येतात. त्यांना दारातून परत पाठवू नये. आल्याबरोबर आधी पंखा लावावा, मग चहा.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करीत आहे.

ठिकाण : रत्नागिरी
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

सही : तुळसा गजानन नागवेकर

तुळसाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार :
१. डॉ. हर्षद भाटकर, रत्नागिरी. (बाईंना तपासले. त्या पूर्ण शुद्धीत आहेत.)
२. गंगुबाई यशवंत शिरधनकर, अलोरे, ता. चिपळूण. (वाचून घेतले. सगळे खरे आहे, माझे बोलणेसुद्धा.)