झेंडूच्या हाराखालचा सर्व्हर

३० सप्टें., अष्टमी. लातूर
सणाला माहेरी. कमलताईचा फोन. इस्लापूरच्या दवाखान्यातली नर्स, लसींचा फ्रीज तिच्याकडे. हदगावला सासरी निघालीय. "फ्रीज गरम झाला की तुझ्या नांदेडच्या ऑफिसातल्या सर्व्हरचा मेसेज येतोय ना? आला की लगेच परत येते. तुझ्या भरवशावर चालले बघ."
म्हटलं, जा बिनधास्त.

१ ऑक्टो., खंडेनवमी
नांदेडच्या ऑफिसातून साहेबांचा फोन. दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी इंटरनेट लाइन सुरू करायची, सर्व्हरचा नेटवरचा पत्ता आजच बदला. "पण मशीनची पूजा झाली. हात लावायचा न्हाई कुणी. तुमच्या त्या काळ्या पडद्यावरून, घरबसल्या होतंय का?"
होतंय. कमांड दिली, नवा पत्ता टाकला, एंटर. पडदा गोठला. सर्व्हर नव्या पत्त्यावर शोधला. नाहीच.
केबलवाल्याला फोन. "मॅडम, वायर तिथवर आणली, पण जोडली न्हाई. हत्यारं पूजेला मांडलीत की! उद्या जोडतो."
मी कपाळावर हात मारला. सर्व्हर आंधळा झालाय, इथून जुना पत्ताही परत टाकता येत नाही. फ्रीज गरम झाला तरी मेसेज जाणार नाही. आणि हे सगळं मी केलं, पाटावर बसून, दोन ओळी टाइप करून.
ताईचा फोन बंद. सर्व्हरच्या खोलीची किल्ली साहेबांकडे, साहेब देगलूरच्या वाटेवर. "एका रातीनं काय होतंय हो?"
आई म्हणते, जेव. ताट सरकवून पुन्हा ताईला फोन लावते. देवा, इस्लापूरची लाइट जाऊ देऊ नको. एवढी रात्र...

२ ऑक्टो., दसरा. नांदेड
पहिली बस धरली. साहेब उशिरा उगवले. सर्व्हरला झेंडूचा हार, कुंकवाची बोटं. केबलवाल्यानं वायर जोडली. पडद्यावर एकेक दवाखाना हिरवा होत गेला. इस्लापूरचा फ्रीज: पाच अंश, थंड. रडूच आलं मला.
कालची दुपार ते आजची सकाळ, नोंद कोरी.
मग कमलताईचा फोन. "सोनं घे गं बाई! शिपाई सांगत व्हता, रात्री लाइट गेलती. कवा आली त्याला म्हाईत न्हाई, झोपला व्हता. म्या म्हणलं, मेसेज आला न्हाई म्हंजे फ्रीज थंडच व्हता. व्हता ना? उद्या लेकरायला लस टोचायची हाय."
"बघून सांगते ताई," म्हणाले नि फोन ठेवला.
काय बघू? बघायला काहीच नाही. रात्री लस गरम झाली असेल, तर पुन्हा थंड होऊनही ती वायाच. सांगितलं तर सगळ्या लसी फेकायच्या, फ्रीज सोडून गेली म्हणून ठपका ताईवर. नाही सांगितलं तर...
साहेब पेढा देऊन गेले. तो तसाच टेबलावर आहे. ताईला अजून फोन केलेला नाही.