आत्या उजवीकडे बसली होती

३ जून २०१९

पुन्हा रिजेक्ट! राजवाड्याचे रविवारचे दिवे — त्या गर्दीत किती धक्के खाऊन काढलेला फोटो! ‘असे आमच्याकडे भरपूर आहेत,’ म्हणे. असणारच. रविवारी अख्खं म्हैसूर तेच काढतं.

संताजीरावांच्या स्टुडिओतली लग्नाच्या फोटोंची नोकरी सोडताना केवढा तोरा होता माझा! नवरानवरीच्या मागे पळणं बस्स, आता घरबसल्या साइटवर फोटो विकणार, जगात कुणीही विकत घेईल. जग अजून फिरकलेलं नाही. फोन उघडते, मिटते, परत उघडते. चैन नाही.

५ जून

काय खपतं ते दिवसभर बघितलं. सूर्यास्त नाही, देवळं नाहीत. माणसं! साधी, हसणारी. आणि आपल्याकडची म्हातारी जोडपी तर साइटवर जवळजवळ नाहीतच. पण चेहरा दिसला की त्या माणसाची सही लागते, माझी हरकत नाही म्हणून. जोडपं आणू कुठून? घरात मी आणि आत्या. आतोबा जाऊन किती वर्षं झाली.

८ जून

विचारलं एकदाचं! शेजारच्या रंगरावकाकांबरोबर बसशील का फोटोला? आत्या भडकली. “अय्यो, वेड लागलंय काय गं तुला?” काका आपले शिंपी, बायको गेल्यापासून एकटे. ते आधी लाजले, मग लगेच हो म्हणाले.

संध्याकाळी आत्या आपणहून आली. म्हणाली, “बसते. पण मी त्यांच्या उजवीकडे बसणार. बायको डावीकडे बसते. कळणाऱ्याला कळू दे, आम्ही नवराबायको नव्हे म्हणून. आणि मंगळसूत्र-बिंगळसूत्र घालणार नाही, आत्ताच सांगते.” परदेशातल्या साइटला काय कळतंय डावंउजवं! मी हो हो केलं.

९ जून

काढला! मागच्या अंगणात, सकाळच्या उन्हात, हातात कॉफीचे लोटे. काका स्वतः शिवलेला कोरा शर्ट घालून आले. दोघंही पुतळ्यासारखी ताठ. माझा जीव कासावीस — ऊन सरकतंय, यांचे चेहरे हलत नाहीत. शेवटी काकांनी घोट घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, “अंबूताई, साखर घालायची पद्धत नाही काय तुमच्याकडे?”

आत्या अशी हसली! तिला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. तोच क्षण मिळाला. दोघांच्या सह्या घेतल्या. साइटवर शोधणाऱ्याला सापडावा म्हणून शब्द टाकले: जोडपं, प्रेम, सुखी संसार. हे आत्याला सांगितलं नाही.

२० जून

विकला गेला!! आणि परत एकदा!

६ जुलै

अजून खपतोय. बाकी सगळं पडून, हा एकटा धावतोय. आत्याला नवा मिक्सर आणला. “सुम्ने, उगाच कशाला खर्च?” म्हणाली, पण शेजारीपाजारी दाखवून आली.

१४ जुलै

मेले!

अग्रहाराच्या सर्कलवर होर्डिंग. गुडघ्याच्या तेलाचं. आत्या आणि काका, बसएवढे मोठे. वर कन्नडमध्ये — इतक्या वर्षांचा संसार, गुडघे मात्र तरुण! आणि फोटो आरशातल्यासारखा उलटा फिरवलाय! जाहिरातवाल्यांना मजकुराला जागा हवी असेल. आत्या डावीकडे. पदर उजव्या खांद्यावर.

साइटवाल्यांना मेल केला. उत्तर: विकत घेणारा फोटो कापू शकतो, फिरवू शकतो, अटींमध्ये आहे. आहेच. मी वाचल्या नव्हत्या.

१५ जुलै

आमच्या शिंप्यांच्या गल्लीत काय लपणार! काकांना जाऊन सांगितलं तर ते मोपेडवरून बघून आले, आणि संताप कशाचा? काजाबटणांचा! “शर्टाची पट्टी बायकांच्या बाजूला आलीय! इतकी वर्षं शिवतोय मी. लोक काय म्हणतील?”

लोक दुसरंच म्हणतायत. विठ्ठलाच्या देवळात भजनातल्या सुमित्राबाईंनी सगळ्यांसमोर आत्याला विचारलं, “संसार कधी मांडलात? पेढे नाही दिलेत.” आत्या भजन अर्धं टाकून घरी आली.

२१ जुलै

नागराज आला. आत्याचा मुलगा, बेंगळूरला असतो. कुणीतरी होर्डिंगचा फोटो त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. “अम्माची मर्यादे विकलीस तू! साकु, पुरे झालं आता. मी तिला घेऊन जातो.”

मी म्हटलं, फोटो आत्ता काढून टाकते. त्याच्यासमोर काढला. साइटवर माझं खपणारं जे काही होतं ते तेवढंच होतं. पण विकलेले परत येत नाहीत, होर्डिंग उतरत नाही. तो थांबला नाही.

आत्या साड्या भरत होती. लग्न होऊन आल्यापासून या घराबाहेर ती कधी राहिलेली नाही. आईबाप गेल्यावर मला तिनं इथंच वाढवलं. मला माझी किळस येते.

२८ जुलै

एकादशी. उपास माझा नव्हे, आत्याचा असतो, तरी साबुदाणा भिजवला. चिकट झाला. घरात नुसती येरझारा घालते. कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. संताजीरावांना फोन करावा काय, परत घ्या म्हणून?

आत्याला फोन केला. “बरी आहे,” म्हणाली, आणि कुकर झाला म्हणून ठेवला. कुकरची शिट्टी काही ऐकू आली नाही.

४ ऑगस्ट

रंगरावकाका माझ्याकडे बघत नाहीत. दार अर्धं लोटलेलं असतं. मशीन बंद. त्यांचंही नाव मीच घालवलं.

११ ऑगस्ट

सकाळी काका दारात! केस चापून बसवलेले, हातात पिशवी. वाटलं, भांडायला आले.

“बेंगळूरची गाडी कितीला गं? नागराजला भेटायचंय.”

माफी मागायला? म्हटलं, काका, चूक माझी, मी येते.

“माफी कसली! त्याच्या आईला मागणी घालायला चाललोय.”

कसंबसं विचारलं — आत्याला माहीत आहे?

“तिनंच फोन केला. म्हणाली, आधी मुलाला विचारा.”